फियाट घ्यायची का? आधी तिच्याखाली झोपून बघा

प्रश्न चाळीसगावच्या एका सरांचा आहे. अमळनेरला त्यांनी 1978 सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, बघितली. मालक 1,80,000 म्हणतो. गाडी 2009 पर्यंत मुंबईत होती, तेव्हापासून अमळनेरला शेतातल्या शेडमध्ये उभी आहे, अधूनमधून फिरवतात. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. रंग दोन महिन्यांपूर्वी मारलाय. आत ओलसर वास येतो आणि मागच्या दाराखाली दोन-तीन फोड दिसले. मालकाचं म्हणणं, "जुनी गाडी, थोडा गंज असणारच. आणि व्हिंटेजचा नंबर मिळेल, किंमत दुप्पट होईल." सरांच्या वडिलांकडे अशीच गाडी होती, त्यामुळे जीव अडकलाय. घ्यावी की नाही?

सर, मी जळगावला तेहेतीस वर्षं डेंटिंग करतो. फियाटवरच हात बसला. तुम्ही लिहिलेल्यापैकी मला फोडांची काळजी कमी वाटली आणि वासाचीही बेताचीच. खटकला तो दोन महिन्यांपूर्वीचा रंग. पंधरा वर्षं शेडमध्ये पडलेल्या गाडीला विकायच्या तोंडावर रंग मारला, तर खालचा पत्रा कसा होता ते आता कोणालाच दिसणार नाही. उन्हाने उडालेला, जागोजाग पोपडे आलेला जुना रंग असता, तर मी तुम्हाला आनंदाने सांगितलं असतं की जा आणि बघा. अशा गाडीचं सगळं दुखणं वर दिसतं. नव्या रंगाखाली काय आहे ते शोधायला मेहनत घ्यावी लागते.

इंजिनाचं आधी उरकून टाकतो, कारण तिथे फारसं बोलण्यासारखं नाही. 1089 सीसीचं साधं चार सिलिंडरचं इंजिन. थोडेफार बदल सोडले तर हीच गाडी 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डिलाइट, मग 1972 ला प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी या नावाने निघत राहिली. त्यामुळे सामान मुंबईच्या भंगार बाजारात अजून सापडतं आणि खोलणारे म्हातारे मिस्तरी जळगाव-धुळ्यात अजून आहेत. रिंगा, व्हॉल्व्ह, कार्बोरेटर, वॉटर पंप, सगळ्याला इलाज आहे आणि मिस्तरी खर्चाचा आकडा आधी सांगू शकतो. मला पत्र्याचा आकडा आधी सांगता येत नाही. उघडल्याशिवाय अचूक सांगितलाय असं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही.

आणि फियाटचा पत्रा म्हणजे नुसतं वरचं कातडं नाही, हे लक्षात घ्या. जीपला खाली शिडीसारखी चेसिस असते. टब, म्हणजे वरची पत्र्याची बॉडी, सडला तर अख्खा टब नवा बसतो. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या जीपा बघा, निम्मं अंग बदललेलं असतं तरी वीस माणसं घेऊन धावतात. पद्मिनीला तशी वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, दोन्ही बाजूंना दाराखालून जाणाऱ्या लांब पोकळ पेट्या, दारांचे खांब, छत, सगळं एकमेकांना वेल्ड करून झालेला एकच डबा. मागच्या पाट्यांची, म्हणजे मागच्या चाकांवर गाडी पेलणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंगांची, टोकं त्याच डब्याला टांगलेली. दाराखालची पेटी सडली म्हणजे घराचं जोतं भुसभुशीत झालं. भिंतीला गिलावा कितीही गुळगुळीत असू दे.

तुम्हाला दिसलेला फोड कसा येतो ते सांगतो. पाऊस पडला की काचेवरून पाणी दाराच्या आत उतरतं. ते उतरणारच, तशीच रचना आहे. दाराच्या तळाला छोटी भोकं ठेवलेली असतात, तिथून ते निघून जातं. ही भोकं धुळीने किंवा रंग मारणाऱ्याने रंगाने बुजवली की पाणी आत साचतं. पत्रा आतून खाल्ला जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो आणि शेवटी रंगाला बाहेर ढकलतो. म्हणजे बाहेर हरभऱ्याएवढा फोड दिसतो तेव्हा आत रुपयाएवढी जागा आधीच गेलेली असते. नव्या रंगावर दोन महिन्यांत फोड आला असेल, तर पेंटरने गंज कापलाच नाही, वरून पुट्टी ओढली. माझे वस्ताद अशा गाडीवर बोटाने टकटक करायचे आणि म्हणायचे, "हाई गाडी नही शे भाऊ, हाऊ पुट्टीना गणपती शे."

गाडी कुठे राहिली यावरून ती कुठे सडली असेल याचा अंदाज येतो. मुंबईची गाडी खालून सडते. खारी हवा, चार महिने रस्त्यावर साचलेलं पाणी, त्यात 26 जुलै 2005 सारखा दिवस तिने बघितला असेल तर विचारूच नका. आपली हवा कोरडी, पाऊस कमी, त्यामुळे खानदेशात वाढलेल्या गाडीचं फ्लोअर बहुधा ठणठणीत असतं. पण मे महिन्यात 45 डिग्रीत उभं राहून तिचं रबर मरतं. पुढच्या आणि मागच्या काचेभोवतीचं रबर कडक होऊन चिरा पडतात, आणि जुलैच्या पहिल्या पावसाला पाणी थेट डॅशबोर्डच्या मागून पायाखालच्या कार्पेटमध्ये. कार्पेटखालचा नमदा ते पाणी दिवाळीपर्यंत सोडत नाही. तुमची गाडी एकतीस वर्षं मुंबईत आणि पंधरा-सोळा वर्षं इकडे. दोन्हीकडचं दुखणं तिला असू शकतं. ओलसर वासाचं उत्तर मला तरी काचेच्या रबरात दिसतंय.

शेडबद्दल एक गोष्ट नक्की विचारा: त्या शेडमध्ये खतं ठेवायचे का? हसू नका. रावेर-यावलकडे केळीवाल्यांच्या गोडाऊनमधल्या तीन गाड्या मी बघितल्यात, ज्या पावसात कधी भिजल्या नाहीत तरी एका बाजूने चाळणी झाल्या होत्या. केळीला पोटॅश भरपूर लागतं, आणि आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. पोती फुटतात, ते हवेतलं पाणी ओढतं, जमीन ओलसर राहते आणि शेजारी उभ्या गाडीला घरबसल्या समुद्र मिळतो. गाडीची कोणती बाजू पोत्यांकडे होती तेही विचारून घ्या.

दुसरी शंका थोडी पोलिसी आहे. मुंबईत 2008 ला टॅक्सीवर 25 वर्षांची मर्यादा आली. तुमची गाडी 1978 ची आणि 2009 ला मुंबईबाहेर पडलेली. योगायोग असू शकतो, पण ती टॅक्सी होती का ते बघा. टॅक्सी असणं हा गुन्हा नाही, मात्र टॅक्सीने दिवसाला जेवढं सोसलेलं असतं तेवढं घरगुती गाडी आठवड्यात सोसत नाही. बाहेरचा रंग बदलतात, कोपरे राहतात. दाराच्या रबराची कड उचला, डिकीच्या झाकणाची आतली बाजू, बिजागरीच्या मागचा भाग, छताच्या कापडाची कड बघा. पिवळा रंग कुठेतरी सापडतोच. डिकीच्या फ्लोअरला चार बुजवलेली भोकं दिसली तर तिथे सीएनजीची टाकी होती असं समजा. मागच्या पाट्यांनी एवढी वर्षं त्या टाकीचं वजनही वाहिलंय.

खानदेशात जुनी गाडी बघताना मी आणखी एक प्रश्न विचारतो: सुरतेत होती का? आपल्यातले निम्मे लोक कामाला सुरतेत, आणि ऑगस्ट 2006 ला तापीचा पूर शहरात शिरला तेव्हा बुडालेल्या किती तरी गाड्या पुढे धुळे-नंदुरबारकडे स्वस्तात आल्या. तुमच्या गाडीला हे लागू नाही, पण दुसरी बघायला गेलात तर सीटच्या स्प्रिंगांमध्ये आणि डॅशबोर्डच्या मागे बारीक वाळलेला गाळ आहे का ते बोटाने चाचपा.

आता बघायचं कसं. एक चांगला टॉर्च, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक कापडात गुंडाळून, एक बोथट पेचकस, जुनी चादर. सोबत जॅक आणि दोन घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, मालक कितीही म्हणाला तरी. सडलेल्या गाडीत जॅक सरळ पत्र्यातून वर घुसतो, मी बघितलंय.

चुंबक दाराच्या खालच्या वीतभर पट्ट्यावर, चाकांच्या कमानींवर, हेडलाइटभोवती आणि पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाला फिरवा. पत्र्याला ते चटकन धरतं. मध्येच पकड सैल पडली तर तिथे पुट्टी जाड आहे. थोडी पुट्टी असतेच, एवढ्या वर्षांत कोणी ठोकलं नसेल असं नाही. पण हाताच्या पंजाएवढ्या जागेत चुंबक धरतच नसेल, तर त्या जागी पत्रा नाही असं धरून चाला.

मग कार्पेट. चारही बाजूंचं उचलायला सांगा. मालक म्हणेल चिकटवलंय. चिकटवलं असेल तर उघडूनच दाखवायला सांगा. फ्लोअरवर वरवरचा तांबूस गंज चालतो, हाताला पावडर लागली तरी चालते. पेचकसाच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर पत्रा जिवंत. ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा थपथप आवाज आला तर पेचकसाचं टोक हलकेच दाबा. ते आत गेलं तर मालकाची माफी मागा आणि भोकाचा फोटो काढा. डिकीत स्टेपनी काढून तिची जागा बघा, बोनेटखाली बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा बघा. तिथे अ‍ॅसिड सांडून पत्रा पापडासारखा होतो, पण ते काम छोटं आहे.

खाली झोपलात की तुम्हाला बहुधा ताजं काळंभोर डांबरी कोटिंग दिसेल. रंगासोबत तेही मारतात. त्याला भुलू नका, घाबरूही नका. मागच्या पाट्यांची पुढची आणि मागची टोकं जिथे बॉडीला बांधलीत तिथलं कोटिंग थोडं खरवडायची परवानगी घ्या. तुमच्या जिवाशी संबंध असलेली जागा ती आहे. बाकी सगळं पैशांचं काम.

हे एवढं ठामपणे सांगतोय कारण माझं स्वतःचं झालंय. 1999 ला मी एक पांढरी फियाट माझ्यासाठीच घेतली. धंदा डेंटिंगचा आणि घेताना बघितलं काय, तर इंजिनाचा आवाज आणि सीटकव्हर. विकणारा ओळखीचा, दुपारची वेळ, ऊन डोक्यावर, खाली कोण झोपणार. दोन आठवड्यांनी कुटुंबासह येताना लळिंगच्या घाटात एका खड्ड्यावर मागून असा आवाज आला की बायकोने मुलीला छातीशी धरलं. उतरून बघतो तर डावीकडच्या पाट्याचं मागचं टोक पत्र्यासकट वर आलेलं, डिकीच्या आत डोकावत होतं. चाक मडगार्डला घासत होतं. वेग कमी होता म्हणून हे लिहायला आहे. गॅरेजवाल्याच्या गाडीचं झालं म्हणून गावभर हसले ते वेगळंच.

शेवटची परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करा. मागचं दार उघडून हळूच लावा, कुलूप कसं लागतं ते हाताने लक्षात ठेवा. दार आणि खांबामधल्या फटीत पाच रुपयांचं जाड नाणं वरपासून खालपर्यंत फिरवून बघा. आता एका बाजूला जॅक लावून गाडी हळूहळू चाक सुटेपर्यंत उचला, आणि खाली न जाता बाजूला उभं राहून तेच दार पुन्हा उघडा, लावा. निरोगी गाडीत काहीच फरक पडत नाही. पेटी सडलेली असेल तर डबा मधून वाकतो. नाणं वर अडकतं, दार खांबाला घासतं, कधी कधी लागतच नाही. उचलताना खालून कुरकुर, भुगा पडल्याचा आवाज आला तर जॅक लगेच खाली उतरवा. पुढचं काही बघायची गरज नाही.

समजा गंज निघाला. मग काम किती? दारांचे तळ कापून नवी पट्टी बसवणं हे दाराला दोन दिवसांचं काम. फ्लोअरला एखाद-दुसरा तुकडा, तीन-चार दिवस. दाराखालची पेटी पूर्ण करायची तर एका बाजूला दहा-बारा दिवस धरा. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड करून डबा बांधून घ्यावा लागतो, नाहीतर पेटी कापताच गाडी मधून बसते आणि पुढे आयुष्यभर दारं लागत नाहीत. आतला पत्रा 18 गेजचा, वरचा 20 गेजचा, सीओटू वेल्डिंगने, थोडं थोडं, थांबून थांबून. गॅसने सलग ओढलं की पत्रा तापून लाटा येतात. कोणी म्हणालं "वरून पॅच मारून देतो, दोन दिवसांत नेऊन जा", तर त्याच्याकडे जाऊ नका. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकला की दोन्हींच्या मध्ये पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत दोन्ही जातात. काम झाल्यावर पेटीच्या आत मेण किंवा निदान जळकं ऑइल फवारून घ्या. ऑइल दोन महिने गळतं, अंगण घाण होतं, बायको ओरडते, पण पत्रा वाचतो.

कागदांबद्दल मालक जे म्हणतो ते अर्धवट आहे. 2021 च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणायला पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण लागतात. 1978 ची गाडी 2028 ला पोहोचेल. नवीन नोंदणीची फी 20,000, मुदत 10 वर्षं. पण व्हिंटेज नंबर लागला की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणं एवढंच. शिवाय चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत. तुम्हाला रविवारी घरच्यांना घेऊन पाटणादेवीला जायचंय, तेव्हा तो नंबर तुमच्या कामाचा नाही. किंमत दुप्पट होण्याचा हिशेब विसरून जा.

तुमच्या कामाचं आहे ते साधं नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 1993 पर्यंत, नंतर दर 5 वर्षांनी. वेळेवर झालं असेल तर शेवटचं 2023 ला झालेलं असलं पाहिजे. आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, हातात घेऊन बघा. शेवटचा शिक्का 2008 चा असेल तर ती गाडी कागदावर केव्हाच झोपलेली आहे. उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबाने लागतो, पर्यावरण कर वेगळा, आणि तो सगळा मालकाने भरायचा की तुम्ही, हे किंमत ठरवतानाच बोलून घ्या. नंबर मुंबईचाच असेल तर तिथला ना-हरकत दाखला, म्हणजे एनओसी, फॉर्म 28, मालकाच्या हातूनच यायला हवी. जुन्या पुस्तकातल्या नोंदी ऑनलाइन चढलेल्या नसल्या तर तेही मालकाच्या नावावर असतानाच करून घ्या. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा आरसीशी जुळवा. नंबराच्या आजूबाजूला वेल्डिंग दिसलं तर गाडी कितीही सुंदर असो, नमस्कार करून निघा.

पेट्रोलचं एक राहिलं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. उभी राहणारी गाडी असेल तर टाकी आतून गंजते. टाकी उतरवून धुवा, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या नव्या टाका. फार खर्च नाही, पण घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात करा.

तर घ्यायची की नाही? पाट्यांची टोकं घट्ट, दोन्ही पेट्या टणटणीत, फक्त दारांचे तळ आणि एखादा फ्लोअरचा तुकडा गेलेला असेल, तर घ्या. 1,40,000 पासून बोलायला सुरुवात करा. एक पेटी गेलेली असेल तर मला ती 90,000 च्या वर घेण्यासारखी वाटत नाही, आणि तीही कागद पूर्ण असतील तरच. दोन्ही पेट्या किंवा पाट्यांची जागा गेली असेल तर फुकट दिली तरी आणू नका. वडिलांची आठवण म्हणून अंगणात उभी करायची असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती भंगाराच्या भावातच मागा.

एक सोय सुचवतो. जुलैमध्ये चांगली सर पडून गेली की दुसऱ्याच दिवशी सकाळी अमळनेरला जा, आदल्या रात्री मालकाला गाडी शेडबाहेर उभी करायला सांगून ठेवा. कार्पेटखाली हात घातला की पाणी कुठून येतंय ते तिथेच कळेल. चादर आणि टॉर्च तुम्ही आणा. रविवार असेल तर मी जॅक-घोड्या घेऊन येतो.